कालकथित डोमाजी खंडारे यांचा संग्रह

१

रविवारी सकाळी अकरा वाजता तळमजल्यावरच्या खोलीचं कुलूप काढायचं, पंखा लावायचा आणि अकोल्याला बाबांना फोन करायचा, असा माझा फेब्रुवारीपासूनचा क्रम होता. बाबा फोन उचलून "जयभीम, बोल" म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "आज कोणते लावून राह्यला?"

"शिरजगाव, करजगाव अन् घाटलाडकी," मी सांगायचो.

ही रेडिओंची नावं. माझे वडील डोमाजी खंडारे सरकारी मेकॅनिक होते. पूर्वी गावोगाव पंचायतीत एक सामुदायिक रेडिओ असायचा, सगळ्या गावानं मिळून ऐकायचा. तो बिघडला की बाबा सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून जायचे. एका गावात त्यांना पंचायतीच्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं. सेट खाली आणून दिला, यांनी तो लिंबाखाली मातीत बसून दुरुस्त केला, आणि मग तो वर नेऊन ठेवला गेला. "मी नाही चढलो, पण माहा आवाज चढला ना ओट्यावर," असं ते सांगायचे. दुरुस्त केलेल्या सेटमधून जे काही बोललं जाईल तो आपलाच आवाज, असा त्यांचा हिशेब होता. पुढं ती योजना गुंडाळली आणि सेट भंगारात निघाले, तेव्हा बाबांनी ते पगारातून एकेक करून वजनावर विकत घेतले. एकूण एकसष्ट.

जुना सेट महिनोन्‌महिने बंद ठेवला तर मरतो, म्हणून दर रविवारी दोन-तीन सेट अर्धा तास चालवायचे. तेही थेट विजेवर नाही, तर सिरीज बोर्डावर. सिरीज बोर्ड म्हणजे लाकडी फळीवर एक शंभरचा बल्ब आणि शेजारी एक सॉकेट. सॉकेटमध्ये सेटची पिन घातली की वीज बल्बातून सेटमध्ये जाते. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब आधी तेजाळतो, मग मंद होतो, आणि मिनिटभरानं सेट बोलायला लागतो. सॉकेट रिकामं असेल तर बल्ब पेटायचा प्रश्नच नाही.

खरं सांगायचं तर जूनपासून मी एकही सेट लावला नव्हता. गावांची नावं घ्यायची आणि पंख्याखाली पेपर वाचत बसायचं, एवढंच करत होतो.

आणखी एक आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला माझी कीव करायची सोय उरणार नाही. मला पैशांची निकड नव्हती. जानेवारीत बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, जिना बंद झाला. आई तर आधीच गेलेली. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. रश्मीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, अकोल्याचं घर तळमजल्यावर, म्हणून त्यांना मी तिकडं पोचवलं. खालची खोली रिकामी करून त्यांना तिथं ठेवता आलं असतं हे मला सुचलं नाही. अमरावतीत राजापेठेला शिकवणीवाल्यांना तळमजल्याची खोली भाड्यानं हवीच असते, हे मात्र सुचलं.

२

पुण्याच्या एका कंपनीच्या अपेक्षा मॅडम ऑक्टोबरात संग्रह बघायला आल्या. कंपनी जुन्या वस्तूंचा इंटरनेटवर लिलाव करते. सीमा, माझी बायको, लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला होती, त्यामुळे घरात विचारणारं कोणी नव्हतं. बाई चाळिशीच्या, कामात वाकबगार. पांढरे हातमोजे घालून त्यांनी एकेका सेटची पाठ उघडली. प्रत्येक पाठीच्या आतल्या बाजूला बाबांनी पेन्सिलीनं दुरुस्तीच्या तारखा लिहिल्या होत्या.

"हे अक्षर फार मोलाचं आहे," त्या म्हणाल्या. "संग्राहक आहेत ना? त्यांची संमती लागेल. आणि दहा मिनिटांची मुलाखत घेतली तर किंमत कुठल्या कुठं जाईल."

बाबांना विचारायचं म्हणजे बाबा "नाही" म्हणणार. एकदाच म्हणणार, हळू म्हणणार आणि विषय बदलणार. त्या "नाही"ला मी लहानपणापासून भितो. कुठल्या साहेबाला एवढा भ्यालो नाही.

"नाहीत," मी म्हणालो.

"अरे, सॉरी." त्यांनी हातमोजे काढले. "मग वारसाचं प्रतिज्ञापत्र करू."

बत्तीस वर्षं मी आस्थापना शाखेत कारकून आहे. दुसऱ्यांच्या सेवापुस्तकांत जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात आयुष्य गेलं, आणि फॉर्ममधली रिकामी जागा मला पाहवत नाही. मृत्यूचा दिनांक या रकान्यात मी अकरा फेब्रुवारी लिहिलं. त्या दिवशी मी बाबांना गाडीत बसवून अकोल्याला सोडून आलो होतो. दुसरी कुठली तारीख हाताशी नव्हती.

"कॅटलॉगमध्ये कैलासवासी लिहू ना?" त्यांनी विचारलं.

"आम्ही बौद्ध. आमच्यात कैलासवासी म्हणत नाहीत," मी जरा ताठ आवाजात म्हणालो. "कालकथित लिहा."

त्यांनी ते नीट उतरवून घेतलं आणि मला दाखवलं. मी बरोबर आहे म्हणालो. लबाडी करतानाही मी रीतीभातीची चूक काढत होतो, हे आठवलं की आज स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

३

पुढच्या रविवारी नेहमीसारखं कुलूप काढलं, पंखा लावला, फोन केला.

"जयभीम, बोल," बाबा म्हणाले. आवाज लांबून येत होता. "पहिले तो सेट हळू कर."

"कोणता?"

"जो लावला तो. तुहं बोलणं आयकू नाही येऊन राह्यलं मले. त्याच्यातच कोणी बोलून राह्यलं."

खोलीत एकही सेट चालू नव्हता. पंख्याची कुरकुर तेवढी होती. मी पंखा बंद केला.

"केला बाबा हळू."

"नाही केला," ते म्हणाले. मग थोडा वेळ ऐकत राहिले असावेत. "बरा चालून राह्यला पण. साफ हाय आवाज. घाटलाडकी हाय का?"

मी हाव म्हणालो. चोराच्या मनात चांदणं, त्यातला प्रकार. बाबांनी माझी झडती घ्यायला सुरुवात केलीय असंच मला वाटलं. फोन ठेवून वळलो तर बाकावरच्या सिरीज बोर्डाचा बल्ब पेटलेला होता. मंद, पिवळसर, सेट नीट लागल्यावर असतो तेवढाच. सॉकेट रिकामं होतं.

मी बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं. बल्ब आधी तेजाळला, मग हळूहळू मंद झाला. मी बोर्ड उलटा करून पाहिला. तारा जागच्या जागी होत्या, कुठं काही चिकटलेलं नव्हतं. बोर्ड जुना आहे, लाकडात ओल धरली असेल आणि तिच्यातून वीज पाझरत असेल, असं मी ठरवलं. ऑक्टोबरच्या उन्हात अमरावतीत लाकडाला ओल कुठून येणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. बोर्डाची पिन काढून टाकली आणि वर जाऊन चहा केला.

४

छापील कॅटलॉग टपालानं आलं. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर बाबांचा फोटो. रश्मीच्या लग्नातला फोटो मी कापून दिला होता. खाली नाव, नावाआधी तो शब्द, आणि दोन सालं, मधे आडवी रेघ. पुस्तक उघडं ठेववेना आणि फेकवेनाही. मी ते कपाटात सीमाच्या साड्यांखाली घातलं.

त्याच संध्याकाळी रश्मीचा फोन आला.

"दादा, बाबाचा आवाज बसला रे. दिवसेंदिवस बारीकच होऊन राह्यला. डॉक्टर म्हणते गळा साफ हाय, काहीच नाही."

"वय झालं त्याईचं," मी म्हणालो.

"आयक ना, मलेच काही तरी होऊन राह्यलं. परवा मी घराले कुलूप लावून बाजारात गेली. भाजी घेतली, कोपऱ्यावर मैत्रीण भेटली, तिच्याशी अर्धा तास बोलली. अन् मंग आठवलं, बाबा आत हायेत. असं कधी होते का कोणाले? थायरॉईडची तपासणी करा म्हणते हे."

ती हसत होती, पण तिला लाज वाटत होती हे मला कळत होतं. लाज वाटायला हवी होती ती मला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी अपेक्षा मॅडमना फोन केला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं आधी इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, "ते नावाआधीचं कालकथित काढता येईल का? नुसतं नाव राहू द्या."

"का हो?" त्या म्हणाल्या. "छापून झालंय. आणि लोकांना ते फार आत कुठंतरी भिडतं. काही अडचण आहे का?"

त्या थांबल्या. बाई शहाण्या होत्या, नुसत्या थांबल्या नव्हत्या, त्यांनी मला जागा करून दिली होती. माझे वडील जिवंत आहेत, एवढंच म्हणायचं होतं. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर मी खोटं लिहून दिलंय, पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणारा सरकारी नोकर आहे, चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, हे सगळं त्या एका वाक्यामागून येणार होतं.

"नाही," मी म्हणालो. "छापलंय तर राहू द्या."

५

लिलाव नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला झाला. सेट अजून खोलीतच होते. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवून सेटांकडे आणि बाकाकडे पाठ करून बसलो, म्हणजे मागं ते दिसतील. पडद्यावर त्रेचाळीस चौकटी आणि त्यांत बेळगाव, इंदूर, कोची अशा कुठल्या कुठल्या गावची माणसं. बहुतेक पिकल्या केसांची, प्रेमानं रेडिओ जमवणारी. चांगली माणसं वाटली.

अपेक्षा मॅडमनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी सायकलचं सांगितलं, ओट्याचं सांगितलं. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. कोणी तरी डोळे पुसले. मग त्या म्हणाल्या, "डोमाजींच्या स्मृतीसाठी आपण एक मिनिट शांत राहू या."

त्रेचाळीस माणसांनी माना खाली घातल्या. मीही घातली. बाहेर राजापेठेची दुचाक्यांची वर्दळ चालू होती, पण खिडक्या लावलेल्या होत्या.

वीसेक सेकंदांनी कोणीतरी खाकरलं. एकदा लांबलचक, घसा साफ करत, आणि त्यानंतर दोनदा जीभ टाळ्याला लावून चुक्‌चुक् केलं. सेट बोलायला लागला की बाबा असं करायचे. घरात आम्हा दोघा भावंडांना ते इतकं ओळखीचं, की लहानपणी आम्ही त्याची नक्कल करायचो.

"कोणाचा तरी माइक चालू आहे," अपेक्षा मॅडम हळूच म्हणाल्या. "प्लीज बंद करा."

मी पडद्यावर पाहिलं. मॅडमची सोडून प्रत्येक चौकटीत माइकवर लाल रेघ होती. माझ्याही.

पुन्हा खाकरणं आलं. लॅपटॉपमधून नाही. माझ्या पाठीमागून, बसल्या माणसाच्या उंचीवरून. मी वळलो नाही. पण पडद्यावर माझी स्वतःची चौकट होती आणि तिच्यात माझ्या खांद्यामागं सिरीज बोर्डाचा बल्ब तेजाळलेला दिसत होता. बोर्डाची पिन मी महिन्यापूर्वी काढून ठेवली होती. बघता बघता तो मंद झाला.

"किशोरजी, तुमच्याकडून येतंय का?"

सगळ्यांनी डोळे उघडले होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी माइक चालू करून म्हणालो. "मीच खाकरलो. सॉरी."

पुढच्या दोन तासांत एकसष्टच्या एकसष्ट सेट गेले. शिरजगाव बेळगावच्या एका डॉक्टरांनी घेतला. किती आले ते मी सांगणार नाही. अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले आणि प्रत्येक वाढीव बोलीला मला आनंद होत होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

६

बुधवारी पॅकिंगवाले दोघं आले. फुग्यांचं प्लॅस्टिक, थर्माकोल, खोकी. माणसं सफाईदार होती. दुपारपर्यंत निम्मी खोली रिकामी झाली.

त्यांतला वयस्क होता तो एक खोकं दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"साहेब, याच्यातले सेल काढाचे राह्यले वाटते. गुरगुरून राह्यलं."

त्यानं पट्टी फाडली, सेट बाहेर काढला, पाठ उघडून मला दाखवली. आत धूळ होती आणि बाबांचं पेन्सिलीचं अक्षर होतं. सेल नव्हते. त्यानं सेटला कान लावला आणि जरा वेळानं काढला. मला काही न सांगता तो पुन्हा बांधला. त्यानंतर गाडी भरेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि जाताना मी देऊ केलेला चहाही त्यांनी घेतला नाही.

रविवारी मी रिकाम्या खोलीतून फोन केला. उचलला गेला, पण "जयभीम" आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

"बाबा?"

काहीच नाही. मग रश्मीनं फोन घेतला. "बोलून तर राहिले तुह्याशी. होट हालून राहिले ना त्याईचे. तुले आयकू नाही आलं?"

मी त्याच आठवड्यात रजा टाकली आणि अकोल्याची बस धरली. बाबांना सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे, पुढचं पुढं, असं ठरवून निघालो होतो. बडनेऱ्यापर्यंत वाक्यंही जुळवून झाली होती.

७

बाबा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. तब्येत बरी होती, उलट गालांवर थोडं मांस आलं होतं. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोलायला लागले.

ओठ हलत होते. मधेच ते हसत होते, भुवया उडवत होते, एका हातानं बटण फिरवल्यासारखं करून काहीतरी समजावत होते. आवाज नव्हता. घोगराही नाही, कुजबुजही नाही. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. लवंगेचा वास आला आणि गालाला श्वास लागला. त्यात शब्द नव्हते.

मग त्यांनी प्रश्न विचारला. तो प्रश्न होता हे चेहऱ्यावरून कळलं, आणि कुठला होता हेही कळलं.

"ठीक हायेत सगळे," मी म्हणालो. "कालच लावले होते."

त्यांनी माझं मनगट थोपटलं. घरून ठरवून आणलेली वाक्यं तशीच राहिली, आणि खरं तर मला हायसं वाटलं.

रश्मीनं जेवायला हाक मारली. तिचा नवरा कामावर होता. तिनं दोन ताटं वाढली होती, एक माझं आणि एक तिचं. आम्ही बसलो. तिनं भाकरी मोडली आणि तिचा हात तिथंच थांबला.

"बाबाचं राह्यलं," ती म्हणाली.

ती उठली, ताट केलं, आत नेऊन दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडायला लागली. "या हप्त्यात चौथ्यांदा झालं हे दादा. मी काही वाईट पोरगी हावो का? मले काय होऊन राह्यलं?"

तिला काय होतंय ते मला कळायला लागलं होतं. कागदावर जे असतं तेच पुढं चालतं, हे बत्तीस वर्षांत मी शेकडो लोकांना सांगितलं आहे.

"थकली तू," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले. "उद्या एक काम कर. पेन्शनचा हयातीचा दाखला राह्यला. मी दोनदा बँकेत नेलं त्याईले. मशिनवर अंगठाच लागत नाही. ओळखणाऱ्याची सही पायजे म्हणते. तू पोरगा, त्यातून सरकारी माणूस. तुह्या सहीनं होऊन जाईन."

८

सकाळी तिनं बाबांना इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. वॉकर धरून ते हळूहळू रिक्षापर्यंत आले. बँक दहा मिनिटांवर होती. नोव्हेंबरातला शेवटचा आठवडा, त्यामुळे आत म्हाताऱ्या माणसांची गर्दी होती. भिंतीवरचा स्पीकर टोकन नंबर पुकारत होता. बाबांना मी काउंटरसमोरच्याच लोखंडी बाकावर बसवलं.

काउंटरवर चष्मा लावलेल्या एक मॅडम होत्या. त्यांनी मशिन पुढं सरकवलं. मी बाबांचा अंगठा धरून काचेवर ठेवला, तीनदा. मशिन लाल झालं. मग त्यांनी चेहऱ्याचा फोटो घ्यायला कॅमेरा वळवला. पडद्यावर मागची भिंत आली, भिंतीवरचं कॅलेंडर आलं, बाकाची पाठ आली. "कृपया चेहरा चौकटीत आणा," अशी अक्षरं आली. बाबा कॅमेऱ्याच्या समोर, हातभर अंतरावर बसले होते.

"म्हाताऱ्या माणसाचं होते असं," मॅडम पडद्याकडेच बघत म्हणाल्या आणि एक कागद माझ्याकडे दिला. "हे भरा, मी शिक्का मारते."

दोनच ओळी होत्या. सदर निवृत्तिवेतनधारक आज रोजी हयात असून मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो. खाली नाव, नातं, हुद्दा, सही.

मी पेन काढलं. पुण्यात एका फाइलीत याच सहीचा दुसरा कागद होता आणि त्यावर अकरा फेब्रुवारी होतं. हे दोन कागद कोण कधी शेजारी ठेवणार होतं? कोणीच नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी हात पुढं जाईना. निवृत्तीला सात महिने राहिले होते.

"तुमी मुलगा ना त्याईचे?" मॅडमनी विचारलं. "नातं लिहा तिथं."

"नाही," मी म्हणालो. "शेजारी आहे मी. यांना सोडायला आलो होतो फक्त."

एवढं सहज मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

बाबांनी वर पाहिलं. त्यांचे कान शाबूत होते. ते रागावले नाहीत. सेट कशानं बंद पडलाय ते सापडलं की पाठ पुन्हा लावताना त्यांचा चेहरा असा व्हायचा. त्यांनी मॅडमकडं तोंड वळवलं आणि त्यांचे ओठ हलले.

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. नंबर पुकारणारी बाई मधेच तुटली आणि तिथून बाबांचा आवाज आला, भरघोस, धडधाकट, फेब्रुवारीच्या आधीचा.

"हाव, शेजारीच हायेत ते. त्याईले जाऊ द्या. त्याईले उशीर होऊन राह्यला."

रांगेतल्या काही जणांनी वर पाहिलं आणि पुन्हा आपापल्या पासबुकात बघायला लागले.

"हा स्पीकर सकाळपासून असाच करून राह्यला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बाकाकडं पाहिलं नाही. माझ्या हातातला कोरा कागद काढून घेतला, गठ्ठ्यावर ठेवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाबा आपल्या अंगठ्याची शाई... शाई नव्हतीच, तरी सदऱ्याच्या टोकाला अंगठा पुसत होते. मला जा म्हणाले होते. मी पेनाला टोपण लावलं आणि गेलो.

९

बसमध्ये बसल्यावर मी स्वतःला समजावलं. रश्मीचं घर बँकेपासून दहा मिनिटांवर आहे. तिला फोन करायचा, ती जाऊन घेऊन येईल. बोरगाव येऊ दे, मग करतो. बोरगाव गेलं. मूर्तिजापूर येऊ दे म्हणालो. मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली, लोक चहा पिऊन आले, आणि फोन माझ्या मांडीवर तसाच पडून राहिला.

बस सुटल्यावर तिचाच फोन आला.

"दादा, कुठं हायेस? मी वाट पाहून राह्यली ना. आपल्या दोघाईचं वाढून ठेवलं."

"मी निघालो रश्मी. बसमध्ये हावो."

"असा न जेवता काहून गेला? अन् सकाळी सकाळी बँकेत तुहं काय काम होतं, तेही नाही सांगितलं."

सकाळी सदऱ्याला इस्त्री तिनंच केली होती. बटणं तिनंच लावली होती. मी फोन कानाला घट्ट धरला. बाबांना घेऊन ये, एवढेच शब्द बोलायचे होते, आणि मी बोललो असतो तर तिला कदाचित आठवलं असतं. मग तिनं विचारलं असतं की मी त्यांना तिथं सोडून का आलो, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं.

"एक सही कराची होती," मी म्हणालो.

"मंग झाली का?"

"झाली."

"बरं. पोचला की फोन कर," रश्मी म्हणाली. "येत जा रे दादा अधूनमधून. आईबाबा गेल्यावर तुह्याशिवाय मले हाय कोण?"

मी हाव म्हणालो.